बॅटरी गेली म्हणजे नक्की काय गेलं?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे दोघा-तिघांनी विचारलंही, की ब्लॉग बंद केलास का? नाही हो, निव्वळ आळस. पण आजचा विषय डोक्यातून जातच नाहीये, आणि तो विषय आहे... गाडीची बॅटरी! नातेवाईक मंडळींपैकी निम्मे इथूनच परत फिरतील हे माहीत आहे. त्यांना विनंती, की जरा थांबा, यात आपल्या मामांची गोष्ट आहे. (मामांची परवानगी घेतली आहे. "लिही, पण दुकानाचं नाव घालू नकोस" या एका अटीवर.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. ज्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात आणि त्यातली एकच सारखी सारखी मरते, तिथे दोष बहुतेक वेळा त्या मेलेल्या बॅटरीचा नसतो. तिच्यावर कोणीतरी जास्तीचं ओझं टाकलेलं असतं. ते ओझं शोधायचं सोडून आपण बॅटरी बदलतो, आणि तरी भागलं नाही की माणूस बदलतो. मोजत मात्र नाही.

आता सविस्तर.

लालबागला राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. श्रावण संपत आला की आमच्याकडे दोन प्रकारची माणसं असतात. एक, जी गणपतीत इथेच राहणार, म्हणजे गणेश गल्ली, राजा, चिंचपोकळीचा चिंतामणी यांच्या गर्दीत दहा दिवस घरात जायला वाट शोधणार. आणि दुसरी, जी घरचा गणपती म्हणून कोकणात जाणार. या दुसऱ्यांसाठी रेल्वे आहे, एसटी आहे, आणि भारतमातापाशी रात्री येऊन उभ्या राहणाऱ्या खासगी बस आहेत. त्यातलीच एक आमच्या मामांची. एकच बस आहे, ट्रॅव्हल कंपनी वगैरे म्हणण्याइतकं काही नाही. सीझनला लालबाग ते कणकवली, एरवी लग्नाची वऱ्हाडं, शाळेच्या सहली, देवदर्शन.

मोठ्या बसला आणि ट्रकला दोन बॅटऱ्या असतात. का? तर तिचं डिझेल इंजिन फिरवायला सेल्फला जबरदस्त जोर लागतो. तो जोर बारा व्होल्टवर काढायचा तर करंट दुप्पट लागेल आणि वायरी मनगटाएवढ्या जाड कराव्या लागतील. म्हणून बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून चोवीस व्होल्ट करतात. टॉर्चमध्ये आपण दोन सेल एकापुढे एक घालतो ना, अगदी तसंच. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला. या जोडणीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: सेल्फ मारताना दोघींमधून तेवढाच करंट जातो. एक दमली म्हणून दुसरी तिचं काम उचलू शकत नाही. एक बसली की बस बसली.

दुसरा प्रकार असा, की दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. यात व्होल्ट बाराच राहतात, साठा वाढतो. आमच्या चाळीत पूर्वी पाण्याची दोन पिंपं खालून नळीने जोडलेली असत, तसं. एका पिंपाला बारीक भोक पडलं की दुसरंही रिकामं होतं, आणि सकाळी उठून बघणाऱ्याला कळत नाही की गळकं कोणतं. नळी काढून दोन्ही वेगळी केली तरच कळतं. बॅटऱ्यांचंही तेच. जोडलेल्या असताना कितीही मोजा, खरं उत्तर मिळत नाही.

तर मामांच्या बसमध्ये चौदा महिन्यांत चार बॅटऱ्या गेल्या. पहिल्यांदा एक गेली, ती बदलली. पाच महिन्यांनी पुन्हा सेल्फ नुसता कुरकुरायला लागला. दुकानदार म्हणाला, जुनी-नवी एकत्र चालत नाहीत, जोडीच टाका. म्हणणं चूक नव्हतं. जुन्या आणि नव्या बॅटरीची जोडी खरंच नीट जमत नाही. जोडी टाकली. आठ-नऊ महिन्यांत त्यातली पुन्हा एक गेली. तीही बदलली. जुन्यांचे पैसे वजा जाता सगळे मिळून ४५,००० च्या आसपास गेले. एका बसवर घर चालवणाऱ्या माणसाला ही रक्कम काय असते ते सांगायला नको.

आणि या चारही वेळा निदान काय? तर "ड्रायव्हर-क्लीनर लाइट चालू ठेवून झोपतात." दुकानदार म्हणाला, मामांनी मान डोलावली. ड्रायव्हर बारा वर्षं जुना, त्याला कोण बोलणार? मग उरला क्लीनर. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, राजापूरकडचा. त्याच्या पगारातून दोन महिन्यांत १,५०० रुपये कापले गेले. तो म्हणायचा, मी लाइट बंद करतो, कट-ऑफही फिरवतो. कोणी ऐकलं नाही. तिसऱ्या महिन्यात तो दुसऱ्या बसवर लागला.

हे मामांना कमीपणा आणायला लिहीत नाहीये. मामा माणूस म्हणून कसे आहेत ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण अंदाजावर निदान केलं की दोष उतरणीने खाली खाली वाहत जातो आणि जो सगळ्यात खाली उभा असतो त्याच्या पायाशी साचतो, हे मी या प्रकरणात डोळ्यांनी पाहिलं.

शेवटी एका ओळखीच्यांनी चिंचपोकळीच्या बाजूचा एक वायरमन सुचवला. साठीचे गृहस्थ, खांद्याला पिशवी, पिशवीत एक मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, हायड्रोमीटर आणि पाने. मी त्या दिवशी मामांकडे होते आणि वही घेऊन आकडे लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आल्या आल्या त्यांनी बसला हात लावला नाही. आधी प्रश्न. चारही वेळा बॅटरी कुठली गेली, चेसिसला अर्थ केलेली की दुसरी? मामांना आठवेना. मग विचारलं, "पाणी दोघींना सारखं लागतं का?"

यावर मामी आतून म्हणाल्या, "तो पोरगा सारखा सांगायचा हो, डिस्टिल्ड वॉटर एकाच बॅटरीला लागतं म्हणून. दुसरीचं कमीच होत नाही म्हणायचा." (डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्यांचा हिशेब मामींकडे असतो.)

वायरमन हसले. म्हणाले, "शेठ, निम्मं काम त्याने करून ठेवलंय."

दोन्ही बॅटऱ्या काढून वेगवेगळ्या पूर्ण चार्ज केल्या. मग कुठेही न जोडता रात्रभर नुसत्या ठेवल्या. सकाळी मीटर लावला तर एक १२.६, दुसरी १२.५. म्हणजे दोघी धडधाकट! (आराम दिलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि बाराच्या खाली गेली की रिकामीच समजायची.) जी बॅटरी एकटी ठेवल्यावर आपोआप उतरते, ती आतून खराब. जी एकटी असताना टिकते आणि गाडीत बसवली की उतरते, तिच्यात काही नाही, गाडीत आहे. एवढी सरळ परीक्षा आहे आणि खर्च फक्त एका रात्रीचा.

मग बॅटऱ्या परत बसवून इंजिन चालू केलं आणि नेहमीसारखी गाणी लावली. दोन्हींवर मिळून मीटरने २७.९ दाखवले. चोवीस व्होल्टच्या गाडीत अल्टरनेटर साधारण एवढेच देतो, त्यामुळे कोणीही म्हणेल चार्जिंग उत्तम. मग त्यांनी एकेक बॅटरी वेगळी मोजली. एकीवर १४.९ आणि दुसरीवर १३.०!

"गाणी कुठून घेतलीत?" त्यांनी विचारलं.

तर ती अशी घेतली होती. म्युझिक सिस्टीम, टीव्हीचा स्क्रीन, मोबाईल चार्जिंगचे पॉइंट हे सगळं सामान बारा व्होल्टचं. बस चोवीसची. मग फिटरने सोपा उपाय केला, दोनपैकी चेसिसकडच्या एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट काढून दिले. सगळीकडे करतात. गाणी वाजली, मामा खूश, प्रवासी खूश. आणि त्या दिवसापासून एका बॅटरीला दोन नोकऱ्या लागल्या.

हिशेब करून बघा. सगळं सामान मिळून ८ अँपिअर घेत असेल आणि रात्रीचा प्रवास दहा तासांचा असेल, तर ८० अँपिअर-अवर. बसची मोठी बॅटरी १२०-१५० अँपिअर-अवरची असते. म्हणजे एका रात्रीत अर्ध्याहून जास्त माल एकीच्याच खात्यातून.

पण अल्टरनेटर चालू असतो ना, तो भरून काढत नाही का? मीही हेच विचारलं. वायरमनांचं उत्तर असं, की अल्टरनेटरला दोन बॅटऱ्या दिसतच नाहीत, त्याला फक्त चोवीस व्होल्टची एक दिसते. त्याचा करंट आधी वरच्या बॅटरीतून जातो आणि मग खालच्या. वरची भरत आली की ती करंट कमी घ्यायला लागते. जो थोडाफार तिच्यातून खाली येतो, त्यातून गाणी आधी आपला वाटा काढून घेतात. उरलं तर खालचीला, नाही उरलं तर उलट तिच्यातूनच जातं. त्यामुळे खालची कायम उपाशी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसत जातो. वरचीवर मात्र गरजेपेक्षा जास्त व्होल्ट, ती उकळते आणि तिचं पाणी उडतं. पोरगा पाणी पाणी म्हणून सांगत होता ते हेच. एक उपासाने मरत होती आणि दुसरी अजीर्णाने, आणि अल्टरनेटर आपला समाधानी, की बेरीज बरोबर येतेय.

ही बेरीजच फसवते. समजा उभ्या बसच्या दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून २४.६ दिसले. निम्मे केले तर १२.३ प्रत्येकी, म्हणजे "ठीक आहे, चालेल". पण ते १२.७ आणि ११.९ असू शकतात, म्हणजे एक भरलेली आणि एक संपलेली! सकाळी सेल्फ मारल्यावर कळतंच. सरासरीवर घर चालवणाऱ्यांनीही याचा जरा विचार करावा. दोघा भावंडांचं "मिळून" बरं चाललंय, असं आपण म्हणतो तेव्हा कोणाचं किती ते कोणी बघितलेलं असतं? असो.

उपाय काय केला? चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवला. तो दोन्ही बॅटऱ्यांकडून सारखं घेतो आणि गाण्यांना बारा देतो. अडीच हजारात काम झालं. एकाच बॅटरीला लावलेल्या वायरी तोडल्या. बॅटऱ्यांच्या जागा अधूनमधून आलटून पालटून लावा असाही सल्ला मामांना पूर्वी कोणीतरी दिला होता. त्याने दोघी सारख्या मरतात, एवढाच फायदा.

आता ज्यांच्याकडे बस नाही, साधी कार आहे, ते म्हणतील आम्हाला काय त्याचं? तुमच्यासाठीही आहे. लालबाग-परळमध्ये गणपतीत गाडी जागेवरून हलवणं अशक्यच असतं. दहा-अकरा दिवस ती कुठल्यातरी मांडवामागे अडकून पडते. अकराव्या दिवशी किल्ली फिरवली की नुसतं टक् टक्. मग "बॅटरी गेली" आणि दुकानाला फोन!

थांबा. आधी गुणाकार करा. आजकालची कार बंद असतानाही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर यांसाठी थोडा करंट घेतच असते. ५० मिलिअँपिअरपर्यंत असेल तर चिंता नाही. दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे दहा दिवसांत बारा. लहान कारची बॅटरी ३५ ची असते. बॅटरी तब्येतीने बरी असेल तर तेवढ्यावर गाडी सुरू होते. पण पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम लावून घेतला असेल आणि तो पाव अँपिअर खात असेल, तर दिवसाला सहा. सहाव्या दिवशी खडखडाट. यात बॅटरीने काय पाप केलं?

शोधायची पद्धत सोपी आहे. सगळं बंद, किल्ली खिशात, दारं लावलेली. बॅटरीचा मायनस सोडवून मधे मल्टिमीटर करंटवर, १० अँपिअरच्या खोबणीत लावायचा. मीटर मधे असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. लगेच आकडा वाचू नका. गाडीतले कॉम्प्युटर झोपी जायला वीस मिनिटं ते तासभर घेतात. चहा पिऊन या. त्यानंतरही आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जायचं. जो काढल्यावर आकडा धाडकन खाली येतो, त्या वायरीवर चोर आहे. सगळे फ्यूज काढले तरी आकडा तसाच? मग अल्टरनेटरचा डायोड बघा, किंवा फ्यूजबॉक्सला टाळून थेट बॅटरीवर जोडलेली एखादी वायर. माझा अनुभव विचाराल तर आधी ही थेट वायरच बघा. हॉर्न, फॉगलॅम्प, अँप्लिफायर, कॅमेरा, जे जे मागाहून बसवलं ते ते.

(जाता जाता एक. काचेवरच्या फास्टॅगने बॅटरी उतरते असं मला एका काकांनी गंभीरपणे सांगितलं. काका, त्याला गाडीची वायर लागतच नाही आणि त्यात बॅटरीही नाही. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवर तो तेवढ्यापुरता जागा होतो. तो निर्दोष आहे :) प्रवासी वाहनांत जीपीएसचा जो डबा असतो तो मात्र गाडीतूनच वीज घेतो. २०१९ पासून नव्या प्रवासी वाहनांना तो सक्तीचा झाला. मोजताना तोही मोजायचा.)

आणि इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, तुम्हीही दोन बॅटऱ्यांवालेच आहात! हे बऱ्याच जणांना घेतल्यावर कळतं. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी ३०.२ किलोवॅट-अवरची होती. त्याशिवाय तिच्यात आपली साधी बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असते. ३५ अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे अर्ध्या किलोवॅट-अवरहूनही कमी. मोठी तिच्या सत्तर पट. पण मोठी बॅटरी गाडीला जोडणारे जाडजूड स्विच ओढायचं काम या छोटीच्या विजेवर होतं. छोटी उतरली की मोठी काठोकाठ भरलेली असूनही गाडी उठत नाही, आणि बऱ्याचदा चार्जरही लागत नाही. मोठा साठा छोटीला भरतो, पण गाडी जागी असताना. झोपलेल्या गाडीत डॅशकॅम जे खातो ते बहुतेक गाड्यांत छोटीच्याच पोटातून.

बेस्टकडे २०१७ मध्ये पहिल्या इलेक्ट्रिक बस आल्या, २०२३ मध्ये इलेक्ट्रिक डबलडेकर धावू लागल्या आणि त्याच वर्षी जुन्या डिझेल डबलडेकरना निरोप दिला. या नव्या गाड्यांतही मोठ्या बॅटरीबरोबर दिवे, दरवाजे, कॉम्प्युटर यांच्यासाठी वेगळी, कमी व्होल्टची बाजू असतेच. म्हणजे दोन बॅटऱ्यांचा प्रश्न ट्रक-बसवाल्यांपुरता राहिलेला नाही, तो दारात आलाय. इथेही नियम तोच, दोन्ही वेगळ्या बघा. फक्त एक कडक पथ्य: मोजायची ती बारा व्होल्टची बाजू. केशरी रंगाच्या जाड केबल्सना घरी हात लावायचा नाही. ते शेकडो व्होल्टचं काम आहे आणि त्यासाठी शिकलेली माणसं असतात.

आता दुसरी बाजू. मी हे सगळं मामांना ऐकवत होते तेव्हा ते म्हणाले, "अगं, रात्री नऊला बस सुटायचीय, बेचाळीस माणसं पिशव्या घेऊन उभी आहेत, त्यात म्हातारी माणसं, मांडीवर पोरं. तेव्हा काय फ्यूज काढत बसू?" बरोबर आहे. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये रात्री दोन वाजता बस बंद पडली तर काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. अशा वेळी बॅटरी टाका आणि निघा, माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं पुढच्या सोमवारचं आहे. बस परत आली, धुतली, उभी आहे. तेव्हा तरी मोजा. पण तेव्हा गाडी सुरू होत असते ना, मग कोण मोजतंय! पुढची बॅटरी मरेपर्यंत सगळं छान.

दुसरं असं, की मोजण्याचे पैसे द्यायला आपल्याला नको वाटतं. त्या वायरमनांनी दोन दिवसांच्या फेऱ्यांचे चारशे रुपये सांगितले. मामा म्हणाले, "नुसतं मोजायचे चारशे?" आणि याच मामांनी चार बॅटऱ्यांचे पैसे घासाघीस न करता मोजले होते! कारण बॅटरी ही वस्तू आहे. हातात येते, जड लागते, कार्ड मिळतं, वॉरंटी असते. "तुमच्या बॅटऱ्या चांगल्या आहेत" हे वाक्य हातात धरता येत नाही. मग खरं सांगणाऱ्याचं पोट कसं भरणार? तपासणाऱ्याला चारशे द्यायला आपण कुरकुरतो आणि विकणाऱ्याला बारा हजार हसत देतो. अशाने गल्लीत विकणारेच उरले तर दोष कोणाला द्यायचा?

डॉक्टरकडे गेल्यावर रक्त तपासल्याशिवाय औषध दिलं तर आपल्याला शंका येते. गाडीच्या बाबतीत मात्र तपासणी म्हणजे वेळकाढूपणा वाटतो.

आणि तिसरं. ही बॅटरी म्हणजे शिसं आणि तेजाब. १८५९ मध्ये प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने ती पहिल्यांदा बनवली, आणि आतलं तत्त्व अजून तेच आहे. जुनी बॅटरी कुठेतरी वितळवली जाते. नीट कारखान्यात झालं तर ठीक, उघड्यावर भट्टी लावून झालं तर ते शिसं हवेत, मातीत आणि शेवटी लहान मुलांच्या रक्तात जातं, आणि मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो हे आता सर्वमान्य आहे. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचा नियम आपल्याकडे २००१ पासून आहे, २०२२ मध्ये त्याची जागा नव्या नियमांनी घेतली. ते पाळलेच पाहिजेत. पण जी बॅटरी अजून मेलेलीच नाही ती वितळवायला न पाठवणं हे त्याहून सोपं आहे. मामांच्या चारपैकी किती खरोखर मेल्या होत्या आणि किती नुसत्या उपाशी होत्या, हे आता कधीच कळणार नाही. त्या काढल्या तेव्हा कोणी चार्ज करून बघितल्याच नाहीत.

कन्व्हर्टर बसवल्याला आता वर्ष होऊन गेलं. एक गणपती, एक मे महिना, लग्नाचा पूर्ण सीझन झाला. बॅटऱ्या त्याच आहेत. मामी सांगतात, पाणी आता दोघींना थोडं थोडं आणि सारखंच लागतं.

राहिला तो पोरगा. मामांनी त्याचे कापलेले १,५०० आणि वर पाचशे त्याच्या भावाच्या हाती पाठवले. फोनही केला. परत ये म्हणाले. तो म्हणाला, "नको शेठ, इथे बरं आहे." पैसे परत करता आले, पण गाडीवरचा एक डोळस माणूस गेला तो गेलाच. मामांना याचं वाईट वाटतं हे मला माहीत आहे. नव्या क्लीनरला ते आता अधूनमधून स्वतःहून विचारतात, "काही वेगळं दिसतंय का रे?"

तर मंडळी, गणपतीला गावी निघण्याआधी किंवा गाडी मांडवामागे अडकण्याआधी एवढं करा. दोन बॅटऱ्या असतील तर दोन्हींवर वेगवेगळा मीटर लावा आणि आकडे तारखेसह लिहून ठेवा. एकच बॅटरी असेल तरी लिहून ठेवा. दुकानदार "बदला" म्हणाला तर विचारा, एकटी ठेवून तपासली का? किती आकडा आला? गाडीतून किती करंट जातोय? तो उत्तर देऊ शकला तर खुशाल त्याच्याकडूनच घ्या. मीटर तीन-चारशेला मिळतो. लालबागमधल्या कोणाला हवा असेल तर माझा घेऊन जा, फक्त परत आणून द्या. मागच्या वेळी धाकट्या काकांनी नेलेला अजून आलेला नाही!